संकेतार्थी वाक्ये (मराठी आणि इंग्रजी)

ज्या वाक्यात एक गोष्ट घडणे दुसऱ्या गोष्टीच्या घडण्यावर अवलंबून असल्याचे सांगितलेले असते, त्या वाक्यास संकेतार्थी वाक्य असे म्हणतात. ‘उजनीत पाणी आले तर ऊस लावू’ या वाक्यात ऊस लावणे हे धरणात पाणी येण्यावर अवलंबून आहे. अट सांगणारा भाग गौण वाक्य असतो आणि फळ सांगणारा भाग मुख्य वाक्य असतो. मराठीत अटीची खूण ‘तर’ या शब्दाने आणि क्रियापदाच्या रूपाने होते, तर इंग्रजीत ‘इफ’ या शब्दाने आणि काळाच्या बदलाने होते. दोन्ही भाषांत अशा वाक्यांत भूतकाळी दिसणारी रूपे नेहमीच भूतकाळ दाखवीत नाहीत. मात्र ती कोठे वापरायची याचे नियम वेगळे आहेत. मराठी माध्यमातून इंग्रजी शिकणाऱ्यांच्या पुष्कळशा ठरावीक चुका या फरकातून येतात.

संज्ञा

मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ सांगण्याची पद्धत आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या व्याकरणापासून (१८३६) मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथापर्यंत या विषयाची चर्चा चालत आली आहे. संकेतार्थ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. काटेकोर अर्थाने संकेतार्थ म्हणजे ‘असता, असती, असते’ यांसारखे, न घडलेली गोष्ट दाखविणारे क्रियारूप. सैल अर्थाने जर-तर असलेले कोणतेही वाक्य संकेतार्थी मानले जाते. शालेय पुस्तकांत बहुधा दुसरा अर्थ गृहीत धरलेला असतो. त्यामुळे ‘पाऊस पडला तर पीक येईल’ आणि ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ ही दोन्ही वाक्ये एकाच खणात पडतात, आणि त्यांतील खरा भेद विद्यार्थ्यांपासून झाकला जातो. पहिल्या वाक्यात पाऊस पडेल की नाही हे ठाऊक नाही. दुसऱ्यात तो पडला नाही हे बोलणाऱ्याला पक्के ठाऊक आहे. पुढील विवेचनात पहिल्या प्रकाराला ‘मोकळी अट’ आणि दुसऱ्याला ‘न घडलेली अट’ असे म्हटले आहे.

‘जर’ आणि ‘तर’

मराठीत ‘जर’ गाळता येतो, ‘तर’ सहसा गाळता येत नाही. ‘पाऊस थांबला तर येतो’ हे वाक्य पूर्ण आहे. ‘जर पाऊस थांबला, येतो’ हे कानाला खटकते. इंग्रजीत नेमके उलटे आहे. तेथे ‘इफ’ अत्यावश्यक असतो आणि ‘देन’ बहुतेक वेळा अनावश्यक असतो. मराठी भाषकाच्या इंग्रजी लेखनात प्रत्येक ‘इफ’मागे ‘देन’ येतो तो या सवयीमुळे. ती व्याकरणाची चूक नव्हे, पण लेखन जड होते.

‘तर’ हा शब्द मुख्य वाक्याचा आरंभ करतो असे वरवर वाटते. वाक्य उलटवले की वेगळेच दिसते. ‘मी येईन, पाऊस थांबला तर’ असे म्हणताना ‘तर’ मुख्य वाक्याबरोबर जात नाही, तो अटीलाच चिकटून राहतो. बोलतानाही विराम ‘तर’नंतर घेतला जातो. छापील मराठीत स्वल्पविराम मात्र ‘तर’च्या आधी देण्याची रूढी आहे, ती उच्चाराशी जुळत नाही.

क्रियापदाचे लिंग, वचन आणि पुरुष

मराठी संकेतार्थाचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य म्हणजे अट आणि फळ या दोन्ही भागांत क्रियापद लिंग, वचन व पुरुष यांप्रमाणे बदलते. मी गेलो असतो (पुरुष) आणि मी गेले असते (स्त्री). तू गेला असतास आणि तू गेली असतीस. तो गेला असता, ती गेली असती, ते गेले असते. अनेकवचनी ते गेले असते, त्या गेल्या असत्या, ती गेली असती. संयुक्त क्रियापदाचे दोन्ही तुकडे बदलतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘त्या गेल्या असत्या’मध्ये स्त्रीलिंगी अनेकवचनाची खूण दोनदा येते.

लिखित मराठीत ‘ते आले असते’ हे रूप संदिग्ध असते. ‘ते’ म्हणजे ‘ते पाहुणे’ की ‘ते पाणी’, हे रूपावरून कळत नाही. बोलीत ही अडचण येत नाही, कारण नपुंसकलिंगी एकवचनात ‘ते आलं असतं’ असे अनुस्वारयुक्त रूप वापरले जाते.

सकर्मक क्रियापद आले की चित्र पालटते. पूर्णक्रियेच्या रूपांत क्रियापद कर्त्याऐवजी कर्माप्रमाणे चालते. ‘मी ऊस लावला असता’, ‘मी ज्वारी पेरली असती’, ‘मी चादरी विकल्या असत्या’, ‘मी सोने घेतले असते’ या वाक्यांतील ‘मी’ पुरुष आहे की स्त्री हे क्रियापद सांगत नाही. ऊस, ज्वारी, चादरी आणि सोने यांचे लिंग-वचन मात्र सांगते. म्हणून ‘उजनीत पाणी आले असते तर ऊस लावला असता’ या एका वाक्यात अटीतील क्रियापद नपुंसकलिंगी आणि फळातील पुल्लिंगी असते. कर्माला ‘ला’ प्रत्यय लागला तर क्रियापद कोणाशीच जुळत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात स्थिरावते: ‘मी तिला बोलावले असते’.

‘असता’ या रूपाचे वर्तमानकाळाशी जवळचे नाते आहे. ‘तो असतो’ आणि ‘तो असता’ ही दोन्ही रूपे संस्कृतातील वर्तमानकालवाचक धातुसाधितापासून, म्हणजे शतृप्रत्ययान्त रूपापासून, आलेल्या ‘त’कारावर उभी आहेत. पुरुषवाचक शेवट निरनिराळे झाल्याने ती वेगळी पडली. प्रथम पुरुषात मात्र ती वेगळी झाली नाहीत. ‘मी रोज बाजारात असतो’ आणि ‘मी बाजारात असतो तर भाव विचारला असता’ यांतील ‘असतो’ दिसायला एकच आहे. पहिले सवय सांगते, दुसरे न घडलेली गोष्ट. तृतीय पुरुषात ‘तो रोज बाजारात असतो’ आणि ‘तो बाजारात असता तर’ असा भेद लगेच दिसतो. जुन्या मराठीत ‘असता’ची जोड न घेता ‘पाऊस पडता तर पीक येते’ अशीही रचना होत असे. आज ती मुख्यतः ‘असणे’ या क्रियापदापुरती उरली आहे.

प्रत्यय लावून केलेली अट

‘तर’ न वापरता अट सांगण्याचा दुसरा मार्ग म्हणजे ‘-ल्यास’ हे रूप: ‘पाऊस आल्यास सामना रद्द होईल’, ‘गरज भासल्यास कळवावे’, ‘अर्ज न केल्यास’. सूचनाफलक, शासकीय परिपत्रके आणि करारपत्रे यांत हे रूप विशेष आढळते. त्याचे लिंग, वचन किंवा पुरुष बदलत नाहीत. ‘मी आल्यास’, ‘ती आल्यास’, ‘पाहुणे आल्यास’ असे एकच रूप सर्वत्र चालते. ते फक्त मोकळी अट दाखवते. न घडलेल्या गोष्टीसाठी ‘आला असता तर’ असेच म्हणावे लागते.

सोलापुरातील भाषिक शेजार

सोलापूर जिल्ह्याची सीमा कर्नाटकातील विजयपुरा व कलबुर्गी या जिल्ह्यांना लागून आहे. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नड मोठ्या प्रमाणावर बोलली जाते. सोलापूर शहरातील विणकर पद्मशाली समाजाची घरची भाषा तेलुगू आहे, आणि शहरात दख्खनी उर्दूही सर्रास ऐकू येते. एकाच वर्गातील मुले घरी चार वेगवेगळ्या पद्धतींनी अट सांगत असतात.

कन्नडमध्ये अट प्रत्ययाने दाखवली जाते. ‘मळे बंदरे’ म्हणजे पाऊस आला तर. ‘नानु बंदरे’ (मी आलो तर), ‘अवळु बंदरे’ (ती आली तर) आणि ‘अवरु बंदरे’ (ते आले तर) यांत क्रियापद तसूभरही बदलत नाही. तेलुगूत ‘वस्ते’ हे रूपही तसेच सर्व पुरुषांना चालते. मराठीतील ‘आल्यास’ या घडणीचे आहे; ‘आलो तर, आली तर, आले तर’ ही मालिका मात्र नाही. न घडलेल्या अटीत कन्नड वाक्य ‘मळे बंदिद्दरे बेळे बरुत्तित्तु’ असे होते (पाऊस आला असता तर पीक आले असते), आणि तेलुगू वाक्य ‘वान वच्चि उंटे पंट पंडेदि’ असे होते. या दोन्ही वाक्यांच्या उत्तरार्धात येणारे रूप एरवी ‘येत असे’, ‘पिकत असे’ अशा भूतकाळातील सवयीसाठी वापरले जाते. मराठीतही न घडलेल्या गोष्टीचे रूप सवय दाखविणाऱ्या रूपाच्या जवळचे आहे, हे वर आलेच आहे.

अशा साम्यांवरून एका भाषेने दुसरीकडून रचना उचलली असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. ‘आला तर’मध्ये भूतकाळी रूप भविष्यातील अटीसाठी येते आणि कन्नड ‘बंदरे’ही भूतकाळी अंगावर उभे आहे, पण ‘आया तो’ ही हिंदीतील रचनाही तशीच आहे आणि हिंदीला कन्नडचा शेजार नाही. सीमाभागात भाषा एकमेकींकडे सरकतात, हे मात्र अभ्यासाने दाखवून दिलेले आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांच्या स्थानिक रूपांचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत पायाभूत मानला जातो. शब्द वेगळे राहूनही वाक्यांची घडण एकसारखी होत जाते, असे त्यांना आढळले.

इंग्रजीतील अटी आणि मराठी भाषकाच्या चुका

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत अटींचे पहिला, दुसरा व तिसरा असे प्रकार सांगतात. पहिल्यात ‘इफ’नंतर साधा वर्तमानकाळ आणि मुख्य वाक्यात ‘विल’ येते: ‘इफ इट रेन्स, वी विल स्टे होम’. दुसऱ्यात भूतकाळी रूप आणि ‘वुड’ येते; अर्थ आजचाच असतो, पण गोष्ट काल्पनिक असते. तिसऱ्यात ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’ येतात व न घडलेला भूतकाळ दाखवला जातो.

मराठी विद्यार्थी पहिल्या प्रकारातच अडतो. ‘पाऊस आला तर आम्ही घरी राहू’ या वाक्यात ‘आला’ भूतकाळी दिसते, म्हणून तो ‘इफ इट रेन्ड, वी विल स्टे होम’ असे लिहितो. मराठीत ‘आला’ येथे काळ दाखवत नाही, क्रिया पुरी होणे दाखवते. इंग्रजी भूतकाळी रूप मात्र वाक्याला काल्पनिक करून टाकते आणि पुढच्या ‘विल’शी त्याचा मेळ बसत नाही. याच्या जोडीची दुसरी चूक ‘असेल’मुळे होते. ‘तो घरी असेल तर सांग’ याचे ‘इफ ही विल बी ॲट होम’ असे भाषांतर केले जाते. हे ‘असेल’ भविष्यकाळ नव्हे, अंदाज आहे. इंग्रजीत ‘इफ ही इज ॲट होम’ पुरेसे आहे.

‘इफ’नंतर ‘विल’ कधीच येत नाही, हा वर्गात पाठ करून घेतला जाणारा नियमही पूर्ण खरा नाही. ‘आय डोंट नो इफ ही विल कम’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण तेथे ‘इफ’ अट दाखवत नाही. मराठीत त्या जागी ‘तर’ येत नाही, ‘का’ किंवा ‘की नाही’ येते: ‘तो येईल की नाही, ठाऊक नाही’. मराठी वाक्यात ‘तर’ आहे का हे पाहणे, हा अट ओळखण्याचा चांगला उपाय आहे.

तिसऱ्या प्रकारातील चूक सर्वांत चिवट आहे. मराठीत अट आणि फळ या दोन्ही ठिकाणी ‘असता’ येतो: ‘तो आला असता तर त्याला काम मिळाले असते’. दोन्हीकडे एकच रूप असल्याने विद्यार्थी इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालतो आणि ‘इफ ही वुड हॅव कम, ही वुड हॅव गॉट द जॉब’ असे वाक्य तयार होते. प्रमाण इंग्रजीत अटीच्या भागात ‘हॅड कम’ हवे. ही चूक केवळ परभाषकांची आहे असे समजू नये. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या, विशेषतः अमेरिकेतील, बोलण्यातही ती ऐकू येते. लेखनात आणि परीक्षेत मात्र ती चूकच धरली जाते.

त्याहून सूक्ष्म अडचण दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांतील सीमेवर आहे. ‘माझ्या शेतात विहीर असती तर मी कांदा लावला असता’ हे वाक्य आजच्या परिस्थितीबद्दलही असू शकते आणि गेल्या वर्षीच्याही. मराठीत मुख्य वाक्याचे रूप दोन्हीकडे एकच राहते आणि काळ संदर्भावरून कळतो. इंग्रजीत निवड करावीच लागते. आजच्याबद्दल बोलायचे तर ‘इफ आय हॅड अ वेल, आय वुड प्लांट अनियन्स’, आणि गेल्या वर्षाबद्दल बोलायचे तर ‘इफ आय हॅड हॅड अ वेल, आय वुड हॅव प्लांटेड अनियन्स’. ‘हॅड हॅड’ विचित्र दिसते म्हणून विद्यार्थी एक ‘हॅड’ गाळतात आणि त्याबरोबर एक वर्षही गळून जाते.

क्रियापदाच्या जुळणीबाबत इंग्रजीची रीत विषम आहे. पहिल्या प्रकारात एकवचनी तृतीय पुरुषाचा ‘स’ टिकतो: ‘इफ वन ऑफ द बॉईज कम्स’. येथे कर्ता ‘वन’ आहे, जवळचा ‘बॉईज’ नव्हे. मराठीत ‘मुलांपैकी एक आला तर’ असे म्हणताना ही चूक होत नाही, कारण ‘एक’ शेजारीच असतो. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत जुळणी जवळजवळ नाहीशी होते. उरतो तो ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांचा प्रश्न. काल्पनिक अटीत औपचारिक इंग्रजी सर्व पुरुषांना ‘वेअर’ वापरते: ‘इफ आय वेअर यू’, ‘इफ शी वेअर हिअर’. हा इंग्रजीतील जुन्या संकेतार्थाचा अवशेष आहे. बोलण्यात ‘वॉज’ही चालते, पण ‘इफ आय वेअर यू’ या साच्यात ‘वेअर’च अधिक रूढ आहे. मराठी भाषकाला ‘आय वेअर’ विशेष खटकते, कारण त्याच्या भाषेत ‘मी राजा असतो तर’ आणि ‘मी राणी असते तर’ यांत पुरुष आणि लिंग दोन्ही उमटलेले असतात.

‘वेअर’ शिकल्यावर ते नको तेथे घालण्याची चूकही होते. ‘इफ ही वॉज ॲट होम यस्टरडे, ही हर्ड द न्यूज’ (काल तो घरी असेल, तर त्याने बातमी ऐकली असणार) या वाक्यात तो घरी होता की नव्हता हे बोलणाऱ्याला माहीत नाही. अट मोकळी आहे. येथे ‘वेअर’ वापरले तर तो घरी नव्हताच असे सुचवले जाते.

शब्दांची निवड

‘ती आली तर सांगा’ आणि ‘ती आली की सांगा’ यांत एका शब्दाचा फरक आहे, पण पहिल्यात ती येईलच याची खात्री नाही आणि दुसऱ्यात आहे. इंग्रजीत हा भेद ‘इफ’ आणि ‘व्हेन’ यांनी दाखवला जातो. वैद्यकीय सूचनांसारख्या लेखनात या दोहोंची अदलाबदल घातक ठरू शकते: ‘ताप आला तर गोळी द्या’ आणि ‘ताप आला की गोळी द्या’ यांतून रुग्णाच्या घरच्यांना वेगवेगळी अपेक्षा समजते.

‘अनलेस’ या शब्दातच नकार दडलेला आहे. मराठीत तो नकार उघड लिहावा लागतो: ‘अभ्यास केला नाही तर नापास होशील’. तो नकार इंग्रजीत पुन्हा उतरून ‘अनलेस यू डोंट स्टडी’ असे वाक्य होते, आणि अभ्यास न करणाराच उत्तीर्ण होईल असा उलटा अर्थ निघतो. ‘इन केस’चा अर्थही ‘तर’ने पुरता उतरत नाही. ‘टेक ॲन अंब्रेला इन केस इट रेन्स’ म्हणजे पाऊस आल्यावर छत्री घे असे नव्हे; पाऊस येईल न येईल, छत्री आताच असू दे, असे आहे. ‘पाऊस आलाच तर असावी म्हणून छत्री घे’ असे म्हटले की अर्थ बरोबर येतो.

‘जरी-तरी’च्या बाबतीत मराठी सैल आहे आणि इंग्रजी काटेकोर आहे. ‘पाऊस आला तरी सामना होईल’ यात पाऊस अजून आलेला नाही, म्हणून इंग्रजीत ‘ईव्हन इफ’ हवे. ‘पाऊस आला तरी सामना झाला’ यात पाऊस येऊन गेला, म्हणून ‘ऑल्दो’ किंवा ‘ईव्हन दो’ हवे. मराठीत अटीचा भाग दोन्ही वाक्यांत अक्षरशः सारखाच आहे. फरक शेवटच्या क्रियापदाने कळतो. इंग्रजीत तो पहिल्याच शब्दाला ठरवावा लागतो, म्हणून भाषांतरकाराला वाक्य शेवटपर्यंत वाचल्याशिवाय आरंभ करता येत नाही.

कायद्याच्या भाषेत

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर राज्य कारभारात मराठीचा वापर वाढत गेला आणि अधिनियम, नियम व अधिसूचना यांच्या मराठी पाठांत अटी मांडण्याची एक ठरावीक शैली रूढ झाली. इंग्रजी कायद्यातील ‘प्रोव्हायडेड दॅट’ या अपवाददर्शक शब्दप्रयोगासाठी मराठीत ‘परंतु’ वापरतात. रोजच्या बोलीतील ‘पण’पेक्षा तेथे या शब्दाचा अर्थ पुष्कळ नेमका असतो, कारण तो आधीच्या तरतुदीवर मर्यादा घालतो. ‘इफ’साठी अशा पाठांत ‘-ल्यास’ आणि ‘तर’ दोन्ही येतात. ‘-ल्यास’ने वाक्य आटोपशीर होते. मात्र कर्ता गाळला गेला की घोटाळा होतो. ‘मुदतीत रक्कम न भरल्यास करार रद्द करता येईल’ या वाक्यात रक्कम कोणी भरायची आणि करार कोणी रद्द करायचा हे सांगितलेले नाही, आणि ‘भरल्यास’ हे रूप लिंग-वचनाने बदलत नसल्याने क्रियापदाकडूनही काही सुगावा लागत नाही. ‘भाडेकरूने मुदतीत रक्कम भरली नाही, तर घरमालकास करार रद्द करता येईल’ हे वाक्य लांब आहे, पण वादाच्या वेळी त्याचा एकच अर्थ लागतो.